राष्ट्रीय हर्बेरियम उभारायचं असेल, तर इमारतीपासून सुरुवात करू नका

प्रश्न असा आहे: एखाद्या देशाला आपली वनस्पतिसंपदा नोंदवून जपण्यासाठी राष्ट्रीय हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, नव्याने उभारायचं असेल, तर सुरुवात कशापासून करावी, किती वर्षं लागतात, आणि मोबाइलवर फोटो काढून झाड ओळखता येत असताना वाळलेल्या फांद्या जपण्यावर सरकारने पैसा का घालावा? विचारणाऱ्या बाईंना एका प्रस्तावाचा मसुदा करायचा आहे. इमारतीचा नकाशा तयार आहे, बाकीचे रकाने रिकामे आहेत, असं त्यांनी लिहिलंय.

नकाशा घडी करून खणात ठेवा. दोनेक वर्षांनी लागेल. मी तीसेक वर्षं हर्बेरियममध्ये काढली, त्यातली शेवटची बारा क्युरेटर म्हणून. या काळात इमारत नसल्यामुळे मेलेलं हर्बेरियम मी पाहिलं नाही. क्युरेटर निवृत्त झाल्यावर जागा भरली नाही म्हणून मेलेली मात्र तीन पाहिली. तेव्हा आधी माणसांचं आणि नोंदींचं बोलू.

हर्बेरियमचं एकक म्हणजे शीट. आपल्याकडे साधारण २८ गुणिले ४२ सेंटिमीटरचा जाड कागद, त्यावर दाबून वाळवलेली फांदी, शक्यतो फुलाफळांसकट, आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल. बघणाऱ्याचं लक्ष फांदीकडे जातं, आमचं आधी लेबलाकडे. कुणी गोळा केलं, कधी, कुठे, किती उंचीवर, कसल्या जमिनीत, सोबत काय होतं, फुलाचा ताजा रंग कोणता होता, गावकरी काय म्हणतात. वाळल्यावर रंग जातो, वास जातो, झाड केवढं होतं तेही कळत नाही. जे लेबलवर नाही ते कायमचं गेलं. कसरीने निम्मी खाल्लेली काटकी, पण लेबल पूर्ण असेल, तर ती मी डोक्यावर घेऊन नाचेन. उलट रंगही न उतरलेला देखणा नमुना, आणि लेबलवर नुसतं 'सह्याद्री, पावसाळा', तर तो भिंतीवर टांगायच्या लायकीचा.

हे मी सुरुवातीलाच अंगावर घेऊन शिकलो. नोकरीच्या दुसऱ्या पावसाळ्यात घाटमाथ्यावर नऊ दिवस हिंडून पावणेदोनशे नमुने आणले. प्रत्येक वर्तमानपत्राच्या घडीवर फक्त क्रमांक, बाकीचं सगळं फील्ड बुकात. प्रेस, म्हणजे नमुने दाबायच्या चौकटी, पाठीवर होते ते उतरले, फील्ड बुक एसटीच्या सीटवर राहिलं. डेपोत दोन दिवस खेटे घातले, सापडलं नाही. साहेबांनी काही न बोलता गठ्ठे बघितले आणि म्हणाले, "चहा करायला जळण म्हणून चालेल." तेव्हापासून घडीवर क्रमांकासोबत तारीख आणि ठिकाणही लिहितो, पेन्सिलीने. शाई ओल्यात पसरते.

आता 'राष्ट्रीय' या शब्दाकडे. कॉलेजच्या हर्बेरियममध्ये आणि राष्ट्रीय हर्बेरियममध्ये फरक कपाटांच्या संख्येचा नाही. देशाच्या हद्दीत सापडणाऱ्या प्रत्येक वनस्पतीचा पुरावा एका ठिकाणी असावा, त्याची जबाबदारी कायद्याने कुणावर तरी असावी, आणि बाहेरच्या कुणालाही तो तपासता यावा, हे राष्ट्रीयचं काम. त्यातही सर्वांत मोलाची शीट म्हणजे टाइप. नव्या जातीचं वर्णन करताना लेखक एक विशिष्ट नमुना दाखवतो की हे नाव याला दिलं. पुढे वाद झाला तर त्या शीटकडे जायचं. वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार १९५८ पासून टाइप नमूद केल्याशिवाय नवं नाव ग्राह्य धरत नाहीत, आणि १९९० पासून तो कोणत्या संग्रहात ठेवला आहे हेही छापावं लागतं. म्हणजे तुमच्या देशात जपायला जागा नसेल, तर तुमच्या जंगलातल्या नव्या झाडाचा टाइप दुसऱ्या देशाच्या कपाटात जाणार. त्याला चोरी म्हणता येत नाही. सोय नाही म्हणून तो जातो.

हे आपल्याकडे घडलेलं आहे. कोलकात्याजवळ शिबपूरची बाग रॉबर्ट किड याने १७८७ साली सुरू केली, ती कंपनी सरकारच्या कामाच्या झाडांसाठी. नंतर १७९३ मध्ये आलेला विल्यम रॉक्सबर्ग खरा वनस्पतिशास्त्रज्ञ. त्याच्यानंतरच्या नॅथॅनिएल वॉलिकने कंपनीचा अफाट संग्रह १८२८ साली लंडनला नेला, तिथे लावला, याद्या केल्या आणि डुप्लिकेट, म्हणजे एकाच झाडाच्या जादा प्रती, युरोपभरच्या संग्रहांना वाटले. विज्ञानाच्या दृष्टीने काम मोठं होतं, पण भारतातल्या हजारो जातींचे मूळ पुरावे त्या एका फेरीत समुद्रापलीकडे गेले. पुढे जोसेफ हूकरचा ब्रिटिश इंडियाचा सात खंडी फ्लोरा, म्हणजे त्या प्रदेशातल्या वनस्पतींच्या वर्णनांचा ग्रंथ, १८७२ ते १८९७ या काळात लिहिला गेला तो लंडनच्या केव बागेतल्या हर्बेरियमच्या कपाटांसमोर बसून. स्वातंत्र्यानंतर कितीतरी दशकं आपला एक वनस्पतिशास्त्रज्ञ केवला नेमलेला असायचा, आणि त्याचं मुख्य काम काय, तर इथून कुणी पत्र पाठवलं की तिथली शीट उघडून बघायची आणि कळवायचं. पत्रोत्तराला लागणारे महिने मी हिशेबात धरले नाहीत, पण आमच्या आधीच्या पिढीचे कितीतरी शोधनिबंध त्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असत.

बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया १८९० साली जॉर्ज किंगच्या हाताखाली सुरू झाला. नंतर माणसं कमी होत गेली, संस्था नावापुरती उरली. १९५० च्या दशकात नेहरूंनी वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना परदेशातून बोलावून फेररचनेचं काम दिलं. १९५४ नंतर देशभर प्रादेशिक केंद्रं निघाली. १९५५ साली पुण्याचं पश्चिम केंद्र आणि कोइम्बतूरचं दक्षिण केंद्र, पाठोपाठ शिलाँग आणि देहरादून. हावड्याचं सेंट्रल नॅशनल हर्बेरियम हे मुख्य घर, तिथे वीस लाखांच्या आसपास शीटा आहेत. सगळी केंद्रं मिळून तीस लाखांच्या घरात. ही विभागणी मला आजही या सगळ्या कहाणीतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. मोठ्या देशात एकच राष्ट्रीय हर्बेरियम म्हणजे सगळी अंडी एका टोपलीत, आणि शिवाय ती टोपली जंगलापासून दोन दिवसांच्या अंतरावर. पुण्याचा माणूस सकाळी निघून दुपारी ताम्हिणीत असतो. हावड्याहून यायचं तर फूल गळून फळ धरलेलं असायचं.

पुण्याला शून्यातून सुरुवात करावी लागली नाही, हेही लक्षात घ्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याचा फ्लोरा १९०१ ते १९०८ मध्ये छापला. त्या काळातला इथला संग्रह शेतकी कॉलेजमार्गे पुढे सर्व्हेच्या पश्चिम केंद्राकडे आला. मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम होतंच. म्हणून तुमच्या प्रस्तावाचं पहिलं कलम असं असू द्या: देशात आज कुठे कुठे वाळलेल्या वनस्पती पडून आहेत याची मोजदाद. शेतकी शाळा, वनखात्याचं गोदाम, जुन्या मिशन शाळा, एखाद्या निवृत्त मास्तरांचा माळा. नवे नमुने नंतर आणता येतात, १९२० सालचं जंगल आणता येत नाही. मोजदाद करताना कुणाचाही संग्रह 'ताब्यात' घेऊ नका. कॉलेजं त्यांचं कपाट सोडत नाहीत आणि सोडूही नये. यादी मागा, डुप्लिकेट मागा, आणि ते बंद पडायच्या बेतात असतील तर मात्र टेम्पो घेऊन जा.

फोटोंचा मुद्दा प्रत्येक अर्थखात्यात निघतो, म्हणून जरा थांबून सांगतो. रॉक्सबर्गने देशी चित्रकारांकडून अडीच हजारांवर वनस्पतींची रंगीत चित्रं काढून घेतली. अप्रतिम आहेत. पण त्याच्या बऱ्याच जातींचे नमुने मिळत नाहीत, मग चित्रालाच टाइप मानावं लागतं, आणि मग वाद सुरू होतात. पानाच्या मागच्या बाजूला लव होती का? बीजांड किती? चित्रकाराने जे बघितलं नाही ते आपण भिंग लावून बघू शकत नाही. फोटोचंही तेच. फोनने शिंदळ माकुडीचा फोटो काढला तर फूल ओळखू येईल, पण त्या फोटोतून परागकण काढता येणार नाहीत, डीएनए काढता येणार नाही, आणि पन्नास वर्षांनी ज्या लक्षणावरून दोन जाती वेगळ्या ठरतील ते लक्षण आज आपल्याला ठाऊकच नाही. म्हणूनच २००७ पासून, सूक्ष्म शैवालं आणि बुरशींचे अपवाद सोडले, तर नव्या नावाचा टाइप म्हणून चित्र चालत नाही, प्रत्यक्ष नमुनाच लागतो. फोटो जरूर काढा. ताज्या फुलाचा रंग शीटवर उरत नाही, तो फोटोत राहतो. दोन्ही एकमेकांची उणीव भरतात.

शिंदळ माकुडी निघालीच आहे तर तिचं सांगतो. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात जुन्नरजवळची ही मांसल वनस्पती वर्णिली आणि मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिचं नाव फ्रेरिया इंडिका ठेवलं. पुढे कुणी तिला कॅरॅलुमा या गटात घातलं, कुणी बूसेरोशिया या गटात. शीट तीच. आम्ही जुनं नाव खोडत नाही, शेजारी नव्या नावाची चिठ्ठी लावतो, खाली सही आणि साल. दीडशे वर्षांत चार जणांनी काय विचार केला ते एकाच कागदावर दिसतं. नवीन आलेली मुलं उत्साहात जुनं लेबल काढून स्वच्छ टाइप केलेलं लावायला निघतात. त्यांचा हात धरावा लागतो. आणि हो, अशी मांसल झाडं प्रेसमध्ये नुसती दाबली तर महिनाभर जिवंत राहतात, मी वर्तमानपत्रात नवी पानं फुटलेली पाहिली आहेत. आधी उकळत्या पाण्यात बुडवून काढा.

आता माणसं. किमान पाच कायम पदं मागा, आणि एकही कंत्राटी नको. एक क्युरेटर. दोन वर्गीकरणतज्ज्ञ, शक्यतो वेगळ्या कुळांवर काम करणारे, गवतांचा माणूस मिळाला तर देवच पावला. एक माउंटर, म्हणजे नमुने शीटवर बसवणारा माणूस. एक चालक, जो वाट्टेल तिथे गाडी नेईल आणि मुक्कामी प्रेसमधले ब्लॉटर (टिपकागद) बदलायला मदत करेल. माउंटरचं पद बहुतेक प्रस्तावांत शिपायाच्या दर्जाचं धरतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. शीटवर फांदी कशी मांडायची की निदान एका पानाची पाठ दिसेल, फूल झाकलं जाणार नाही, सुटे भाग पाकिटात जातील, दोऱ्याचा टाका कुठे घालायचा, हे हात शिकायला वर्षं लागतात. आमच्याकडच्या माउंटर मावशी दहावी नापास होत्या. फांदीवर नजर टाकून कूळ सांगायच्या आणि नव्या पीएच.डी. मुलांना बोटाने टाका दाखवायच्या. त्या निवृत्त झाल्या त्या वर्षी गठ्ठ्यांची थप्पी भिंतीला टेकली आणि नंतर कधी उतरली नाही. चिकटपट्टी मात्र कुणालाही वापरू देऊ नका, पाच वर्षांत ती सुटते आणि मागे तपकिरी डाग ठेवते.

इथिओपियाचं उदाहरण तुम्ही प्रस्तावात घालू शकता. अदिस अबाबा विद्यापीठात राष्ट्रीय हर्बेरियम १९५९ साली सुरू झालं, पण त्याला बाळसं आलं ते १९८० पासून, जेव्हा इथिओपिया आणि एरिट्रियाच्या फ्लोराचा प्रकल्प स्वीडनच्या मदतीने हाती घेतला. पुस्तक लिहायचं म्हटल्यावर नमुने गोळा करणं भाग पडलं, स्थानिक मुलांना वर्गीकरण शिकवणं भाग पडलं, बाहेरच्या तज्ज्ञांना तिथे येऊन बसणं भाग पडलं. २००९ साली शेवटचा खंड निघाला, सुमारे सहा हजार जातींचा हिशेब लागला, आणि त्या एकोणतीस वर्षांत सेबसेबे देमिस्सेव यांच्यासारखी जगाला माहीत असलेली तज्ज्ञ माणसं तिथल्या मातीतून उभी राहिली. 'किती वर्षं लागतात' याचं उत्तर यात आहे. महाराष्ट्रात कुकच्या फ्लोरानंतर राज्याचा नवा फ्लोरा १९९६ ते २००१ या काळात आला, म्हणजे जवळपास नव्वद वर्षं. तीन वर्षांच्या प्रकल्पात हर्बेरियम 'पूर्ण' करून देतो असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

बांगलादेशाची गोष्टही बोलकी आहे. फाळणी झाली तेव्हा पूर्व बंगालच्या वनस्पतींचे जुने नमुने शिबपूरच्या आणि केवच्या कपाटांत. १९७० मध्ये ढाक्यात सर्वेक्षणाचा एक लहानसा प्रकल्प सुरू झाला, त्यातून १९७५ साली बांगलादेश नॅशनल हर्बेरियम उभं राहिलं, आज ते मीरपूरला आहे. लढाई, वादळं, दुष्काळ यातूनही ते टिकलं. सुरुवात छोटी असायला हरकत नाही, खंड पडता कामा नये.

गोळा करण्याबद्दल थोडं. आपल्या भागात सगळं फुलतं ते नेमकं पावसात, आणि वाळवायचंही पावसातच. ब्लॉटर दिवसातून दोनदा बदलायचे, ओले ब्लॉटर मुक्कामाच्या घरातल्या चुलीवर शेकायचे. हे जमणार नसेल तर वर्तमानपत्रातले गठ्ठे जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यावर अल्कोहोल ओतायचं, तोंड बांधायचं आणि परत येऊन वाळवायचं. रंग जातो, पण बुरशी लागत नाही. एका झाडाच्या एकाच वेळी चार ते सहा प्रती घ्या, झाड सोसेल तरच. दुर्मीळ असेल तर एकच फांदी, कंद हलवायचा नाही. आणि एकदा गेलात म्हणजे झालं असं समजू नका. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या डोंगरात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. तीन वर्षांच्या प्रकल्पातला माणूस तिची पानं आणून 'फुलं आढळली नाहीत' असं लिहील आणि ते खरंही असेल. शेवळ आधी फुलतो आणि पान नंतर येतं, म्हणजे एकाच शीटसाठी दोन फेऱ्या. फेऱ्यांचा खर्च अंदाजपत्रकात कुणी धरत नाही, तुम्ही धरा.

परवानग्यांचं काम कंटाळवाणं आहे पण पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. देशाच्या जैविक संपत्तीचा वापर आणि त्याच्या लाभाची वाटणी यांबद्दलचा नागोया करार २०१४ पासून लागू आहे, आणि परवान्याचा कागद नसलेली शीट आता परदेशी संस्था उसनी घेत नाहीत. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नवी जात सापडली की नेमून दिलेल्या संस्थेला कळवावं लागतं आणि नमुना तिथे जमा करावा लागतो. असं कलम तुमच्या देशाच्या कायद्यात घालून घ्या. एवढं झालं तरी हर्बेरियमकडे नमुने आपोआप चालत येऊ लागतात.

आता इमारतीची वेळ. वास्तुविशारद उंच काचा आणि मधला चौक दाखवेल. काच नको, ऊन कागद खातं. तळघर नको, आणि सगळ्यांत वरचा मजलाही शक्यतो नको. कपाटांच्या खोलीच्या वर संडास, पाण्याची टाकी किंवा एसीचं पाणी काढणारी नळी येणार नाही याची खात्री स्वतः जिन्यावर चढून करा. सरकती कपाटं बसवणार असाल तर फरशीला भार किती पेलेल ते अभियंत्याकडून लेखी घ्या, भरलेला कागद दगडासारखा जड असतो. तापमान १८ ते २० अंश, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, आणि महत्त्वाचं म्हणजे ते रात्रंदिवस सारखं राहायला हवं. मी काम केलेल्या एका संस्थेत वीज वाचवायला शुक्रवारी संध्याकाळी एसी बंद करून सोमवारी सकाळी लावायचे. दर आठवड्याला कागद फुगायचा, आक्रसायचा, आणि जुलैत सोमवारी कपाट उघडलं की ओल्या पोत्यासारखा वास यायचा. त्यापेक्षा एसी नसलेली, हवा खेळणारी जाड भिंतींची खोली बरी.

शत्रू बाहेरून येतो. कसर कागदाच्या कडा खाते, पण खरी धास्ती सिगारेट बीटलची. दाण्याएवढा तपकिरी किडा, पुण्यातल्या वाण्याच्या धण्यात सापडतो तोच. त्याची अळी फुलाची बोंडं आधी पोखरते, म्हणजे नेमकं जे ओळखायला लागतं तेच. पूर्वी आम्ही प्रत्येक नमुना मर्क्युरिक क्लोराइडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणातून काढायचो. कीड लागायची नाही, पण पाऱ्याचं विष शीटवर कायम राहतं, आणि जुन्या शीटा हाताळताना आजही हातमोजे घालावे लागतात. माझ्या आधीच्या पिढीने उघड्या बोटांनी हे केलं. नव्या हर्बेरियमला हे सगळं टाळता येतं. त्याला एक मोठा डीप फ्रीझर पुरतो. आत येणारा प्रत्येक गठ्ठा प्लास्टिकमध्ये बंद करून उणे २० अंशांवर किमान आठवडाभर ठेवायचा, बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर दव धरतं. उसनी गेलेली शीट परत आली तरी हाच नियम, मंत्र्यांनी भेट म्हणून दिलेल्या गुच्छालाही हाच. कपाटांच्या खोलीत डबे, चहा आणि कुंड्या बंद.

डुप्लिकेट वाटणं हे औदार्य म्हणून करायचं नसतं, तो विमा आहे. मार्च १९४३ मध्ये बर्लिनच्या डालेम इथल्या हर्बेरियमवर बॉम्ब पडले आणि चाळीस लाखांच्या संग्रहातला फार मोठा भाग जळाला. त्यात आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधले असंख्य टाइप होते, म्हणजे नुकसान झालं टांझानियाचं आणि कॅमेरूनचं. १९४५ मध्ये मनिलाचं हर्बेरियम लढाईत बेचिराख झालं. पण तिथे काम केलेल्या एल्मर मेरिल या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने आधीच्या दशकांत डुप्लिकेट जगभर वाटून ठेवले होते. ते परत मागवून एदुआर्दो किसुम्बिंग यांनी संग्रह पुन्हा उभा केला. सप्टेंबर २०१८ मध्ये रिओचं राष्ट्रीय संग्रहालय जळालं तेव्हा तिथलं हर्बेरियम वाचलं, कारण ते वेगळ्या इमारतीत होतं. वाटण्याचाही धोका असतोच. २०१७ साली पॅरिसहून ब्रिस्बेनला उसन्या पाठवलेल्या शंभरेक जुन्या शीटा, त्यात टाइपही, कागदपत्रांतल्या घोळामुळे ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांनी नष्ट केल्या. म्हणून टाइप बाहेर पाठवू नका, स्कॅन पाठवा, आणि ज्याला हवं त्याला तिकीट काढून यायला सांगा.

स्कॅनिंगबद्दल माझं मत थोडं जुनाट वाटेल. देणगीदार आधी स्कॅनरला पैसे देतात, कारण उद्घाटन करता येतं. पण नाव चुकलेली शीट स्कॅन केली की चूक जगभर पोचते, आणि उष्णकटिबंधातल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिकांवर चुकीचं नाव असावं असा अंदाज २०१५ च्या एका अभ्यासात निघाला आहे. बारकोड पहिल्या दिवसापासून लावा, लेबलचा मजकूर संगणकावर टंका, टाइप स्कॅन करा, बाकीचं तज्ज्ञाने नजर घातल्यावर. स्कॅनर घ्याल तो शीटवरून येणारा घ्या, शीट पालथी घालावी लागते असा नको, सुटं बी घरंगळतं. ऑर्किड आणि औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणं जाहीर पानावर झाकून ठेवा. आपल्याकडे सर्व्हेचं व्हर्च्युअल हर्बेरियम २०२२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, सुमारे एक लाख प्रतिमांसह. तीस लाखांत एक लाख. तरीही घरबसल्या हावड्याची शीट उघडली तेव्हा मला केवला पाठवलेली ती पत्रं आठवली.

अर्थखात्याच्या टेबलावर काय ठेवायचं? आयर्लंडच्या १८४५ च्या बटाटा-दुष्काळाच्या आणि त्यानंतरच्या काळातली बटाट्याची रोगट पानं कुणीतरी दाबून ठेवली होती. केव आणि म्युनिकमधल्या त्या पानांतून २०१३ मध्ये रोगकारकाचा डीएनए काढून रोगाचा नेमका कोणता वाण होता ते सांगता आलं. ब्रिटनमधल्या झाडांच्या जुन्या शीटांवरची पर्णरंध्रं मोजून वुडवर्ड यांनी १९८७ मध्ये दाखवलं की दोनशे वर्षांत त्यांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी घटली, हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढला तशी. बॉस्टनच्या बागेतल्या झाडांचे जुने नमुने आणि आजची तीच झाडं ताडून कळलं की विसाव्या शतकाच्या सुरुवातीपेक्षा ती सरासरी आठ दिवस आधी फुलू लागली आहेत. यांपैकी एकाही माणसाने हवामानबदलासाठी फांदी तोडली नव्हती. आणखी एक आकडा: नव्या म्हणून वर्णिलेल्या जातींपैकी जवळपास एक चतुर्थांश जातींचे नमुने पन्नास वर्षांहून जास्त काळ कपाटातच पडून होते. नवं झाड सापडतं ते पुष्कळदा जंगलात नाही, तर 'अनोळखी' लिहिलेल्या फोल्डरमध्ये.

तुमच्या मसुद्यात 'संवर्धन' हा शब्द दर परिच्छेदात आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. हर्बेरियम झाड जगवत नाही. त्याला बाग, बियाण्यांची बँक आणि सगळ्यांत आधी जागेवरचं जंगल लागतं. हर्बेरियम म्हणजे झाडांचा सातबारा. कोणती जात कुठे होती, कधीपर्यंत होती, हे त्यावरून सिद्ध होतं. धोक्यातल्या जातींच्या याद्या करताना जाती किती भागात पसरल्या आहेत ते याच लेबलांवरून काढतात. धरणाच्या किंवा खाणीच्या सुनावणीत 'इथे ही जात आहे' असं नुसतं म्हणून भागत नाही, तारीख आणि सही असलेली शीट पुढे ठेवली की समोरचा वकील गप्प बसतो. मी हे दोनदा केलं आहे. एकदा उपयोग झाला.

तेव्हा पहिल्या वर्षाच्या मागणीत एवढंच लिहा: क्युरेटर आणि माउंटर यांची कायम नेमणूक, एक डीप फ्रीझर, वीस पत्र्याची हवाबंद कपाटं, कोणत्याही सरकारी इमारतीतल्या पहिल्या मजल्यावरच्या दोन कोरड्या खोल्या, एक जीप, आणि देशातल्या जुन्या संग्रहांची मोजदाद. पाच हजारांच्या आसपास नमुने नीट लेबलांसह लागले की न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनकडे इंडेक्स हर्बेरिओरमच्या नोंदणीसाठी अर्ज करा. जगातल्या साडेतीन हजारांहून अधिक हर्बेरियमांची ती सूची आहे, तिच्यात तुमच्या संग्रहाला आद्याक्षरांचा संकेत मिळतो, आणि तो मिळाल्यावर तुमची शीट जगातला कुणीही आपल्या लेखात उद्धृत करू शकतो. इमारतीचा नकाशा तिसऱ्या वर्षी बाहेर काढा. तोवर क्युरेटरला कळलेलं असेल की खिडक्या कुठे बुजवायच्या आहेत.